जनरेटरवर कंप्रेसर चालवायचाय? आधी तो सुरू कसा होतोय ते बघा

जुलै महिना, बेळगावच्या खानापूर रोडला आमचं टायरचं दुकान, बाहेर असा पाऊस की समोरचा रोड दिसंना आणि करंट सकाळपास्नं गेलेला. तिकडं जांबोटी-कणकुंबी साईडला एक फांदी पडली तरी तारा तुटतात, माणसं भिजत भिजत जोडतात बिचारी, पण वेळ लागतोच. अशात एक दुधाची पिकप दारात आली, मागचं टायर बसलेलं. ड्रायव्हर काचेतनं डोकं काढून म्हणतोय, "गाळी हाक्री अण्णा," म्हणजे हवा भरा. मी म्हटलं, "करंट इल्ल री," करंट नाही. तर त्यानं नुसतं दुकानातल्या नव्या जनरेटरकडं बोट दाखवलं, म्हणजे ते काय शोभेला ठेवलंय काय?

खरं म्हणजे आदल्याच आठवड्यात आणला होता, पाच केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) पेट्रोलवाला, आणि कंप्रेसर आमचा दोन एचपीचा सिंगल फेज, बेल्टवाला. टाकी रिकामी होती, दोरी ओढली, कंप्रेसर लावला, मस्त चालू झाला, टाकी भरली, कट झाला. पंक्चर काढलं, हवा भरली, प्रेशर खाली आलं, प्रेशर स्विच टक करून लागला आणि मग मोटर नुसती "ऊंऽऽऽ" करायला लागली, जनरेटरचा आवाज बसला, दुकानातला बल्ब लालभडक झाला आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट झाला की आपोआप पडणारा स्विच, पडली. परत चढवली, परत तेच. तिसऱ्यांदा वास आला म्हणून गप्प बसलो, आणि त्या माणसाला पायपंपानं हवा मारून दिली, घामानं आणि पावसानं दोन्हीनं भिजलो.

ज्यानं जनरेटर विकला त्याला फोन केला तर म्हणाला, साडेसातचा घ्या. हा सल्ला सगळ्यात सोपा आहे हो, देणाऱ्याला. मी घेतला नाही, आणि आज तोच पाचचा जनरेटर तोच कंप्रेसर बिनतक्रार ओढतोय. काय काय केलं ते इथं लिहितोय, कारण आमच्याकडं खानापूर, चंदगड रोड, निपाणी, सगळीकडं आता गॅरेजवाले, पंक्चरवाले, रंगारी, सुतार जनरेटर घ्यायलेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच.

आधी आकडा समजून घ्या, एवढंच गणित आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे दोन एचपीचे झाले साधारण १५००. पण ते मोटर बाहेर देते ते, आत ओढते त्याहून जास्त, सिंगल फेज मोटर दोन-एक हजार वॅट तरी खाते, म्हणजे चालू असताना १० ते १२ अँपिअर. इथवर पाच केव्हीएला काहीच जड नाही, त्याची ताकद २१-२२ अँपिअरची आहे. गोम आहे ती सुरू होतानाची. थांबलेली मोटर पहिल्या क्षणाला पाच-सहापट करंट मागते, म्हणजे ६० अँपिअरच्या आसपास. घरच्या लाइनवर मागं अख्खा ट्रान्सफॉर्मर उभा असतो, तो ६० काय १०० पण क्षणभर देऊन मोकळा होतो, तुम्हाला कळत पण नाही, बल्ब जरा मिचकतो इतकंच. जनरेटरकडं देण्यासारखं तेवढं नसतंच, मग तो व्होल्टेज सोडतो, आणि व्होल्टेज पडलं की मोटरची ताकद त्याच्या वर्गानं पडते, २३० चे १६० झाले तर ताकद निम्मी. मोटर फिरंना म्हणून जास्त करंट ओढते, जास्त ओढते म्हणून व्होल्टेज आणखी पडतं, आणि दोघं मिळून एकमेकाला खाली ओढतात.

म्हणून बघायचं काय, तर हे पहिले एक-दोन सेकंद लवकर कसे संपतील ते. मोटर पटकन वेग घेते की नाही, सगळा खेळ त्यावर. आणि मजा म्हणजे कंप्रेसरमधले बारीकसारीक दोष घरच्या करंटवर वर्षानुवर्षं झाकून राहतात, जनरेटर ते पहिल्या दिवशी उघडे पाडतो. माझं तेच झालं होतं.

उद्यमबागेतला, म्हणजे आमच्या बेळगावच्या कारखान्यांच्या भागातला, एक रिवायंडिंगवाला मिस्त्री आमच्या ओळखीचा, वय झालेला माणूस, फाउंड्रीच्या मोटरी बांधण्यात जन्म गेला. तो आला, आणि जनरेटरकडं बघितलं पण नाही. संध्याकाळी करंट आला होता त्यावरच कंप्रेसर लावायला सांगितला, टाकी भरून कट झाल्यावर म्हणाला, "आता ऐक." तुम्ही पण हे करून बघा. मोटर बंद झाली की प्रेशर स्विचच्या खालून "फुस्स" असा एक आवाज येतो, एक-दोन सेकंद, आणि थांबतो. तो अनलोडर. पंपाच्या हेडमध्ये आणि टाकीकडं जाणाऱ्या पाइपात जी हवा अडकलेली असते ती तो सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी पिस्टन मोकळा फिरतो. माझ्या कंप्रेसरचा फुस्स थांबतच नव्हता. बारीक सूं... चालूच. मी कितीतरी महिने तो आवाज ऐकत होतो आणि मला वाटायचं असंच असतंय.

तो आवाज थांबत नाही याचा अर्थ टाकीतली हवा उलटी पाइपात येतेय, म्हणजे पाइप जिथं टाकीला लागतो तिथला एनआरव्ही, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, नीट बसत नाही. मग हेडमध्ये कायम दाब राहतो आणि मोटरला पहिल्याच फेऱ्याला भरलेल्या पिस्टनशी झोंबावं लागतं. लाइनवर ती झोंबून जिंकायची, जनरेटरवर हरली. त्यानं टाकी पूर्ण रिकामी करायला लावली (हे विसरू नका, टाकीत दाब असताना एनआरव्हीला पाना लावलात तर ते तोंडावर येतंय), एनआरव्ही खोलला, आत रबराची चकती, तिच्यावर काळा कार्बन आणि एका कडेला नखाएवढी खाच. चकती बदलली, बसायची जागा रॉकेलनं पुसली, झालं. साडेसातचा जनरेटर वाचला तो एका रबराच्या चकतीनं.

उलटं पण होतं कधीकधी. मोटर चालू असताना सूं... येत असेल आणि बंद झाल्यावर थांबत असेल तर दोष अनलोडरच्या पिनीत आहे, आणि बंद झाल्यावर फुस्स येतच नसेल तर अनलोडर चोक झालाय किंवा त्याची बारीक नळी दबलीय. तिन्ही गोष्टी कानानं कळतात, मीटर लागत नाही.

मग कंडेन्सर. सिंगल फेज मोटरच्या पाठीवर जे डबे असतात ते. स्टार्टिंगचा कंडेन्सर म्हातारा झाला की मोटर लाइनवर चालू होते पण आळस देत देत, जनरेटरवर नुसती हुंकारते. तो जुना असेल तर सरळ बदलून टाका, मोटरवर लिहिलेल्याच मापाचा घाला, जास्त मोठा घातला तर ताकद वाढेल वगैरे हुशारी करू नका. हात लावायच्या आधी प्लग काढा आणि पेचकसानं शॉर्ट न करता बल्ब लावून तो डिस्चार्ज करून घ्या, प्लग काढला तरी कंडेन्सर चावतो. बेल्ट आवळून तारेसारखा केला असेल तर सैल करा, मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर बोटाच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे. आणि तेल. डिसेंबरात खानापूर साईडची पहाट बघितली असेल तर कळेल, हात गारठतात तसं पंपातलं तेल पण गोठल्यासारखं घट्ट होतं. त्या दिवसांत प्लग काढून पुली हातानं पाच-सहा वेढे फिरवायची आणि मग लावायचं. इंजिनचं जुनं जळकं तेल पंपात ओतणारे महाभाग आहेत आमच्यात, त्यांना नमस्कार.

आता वायरीचं. हे मी स्वतः चुकलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. जनरेटरचा आवाज नको म्हणून मी तो मागं लांब ठेवला आणि घरातली मंडपवाल्याची पातळ एक्स्टेंशन ३० मीटर ओढली. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, ३० मीटर जायचे ३० यायचे, म्हणजे साठ मीटरचा एक ओहमपेक्षा जरा जास्त रोध. चालू असताना १०-१२ व्होल्ट गेले तर चालतंय, पण सुरू होताना तीच वायर ४०-५० व्होल्ट गिळते. आधीच जनरेटर कमी देतोय, त्यात वायर मध्येच खातेय, मोटरला उरलं काय? अडीच स्क्वेअरची घेतली तर हेच नुकसान निम्म्याहून कमी होतं. आणि रीळवाली एक्स्टेंशन असेल तर पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली ठेवलीत तर तापते, इन्सुलेशन वितळतं.

पण याहून चांगला उपाय फुकटचा आहे, वायर लांब करू नका, हवेचा पाइप लांब करा. कंप्रेसर जनरेटरच्या जवळ दोन-तीन मीटरवर ठेवा आणि हवेची नळी ३० मीटर ओढा. टायरला हवा भरायला, धूळ मारायला त्यानं काही फरक पडत नाही. फक्त जनरेटरचा धूर कंप्रेसरच्या फिल्टरकडं जाणार नाही असं तोंड करून ठेवा, नाहीतर तो गरम काजळीची हवा ओढत बसतो.

धुराचं निघालंच तर हे थट्टेवारी नेऊ नका. पावसात सगळ्यांना मोह होतो, जनरेटर आत घ्यावा, शटर अर्धं खाली ओढावं. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही रंग नाही, डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. दार उघडं आहे, खिडकी उघडी आहे, यानं भागत नाही. बाहेरच ठेवायचा, वर पत्रा चालेल पण चारी बाजू मोकळ्या, धुराचं तोंड दुकानाच्या आणि घराच्या उलट दिशेला. आम्ही चार पाइप आणि एक पत्रा मारून खोपटं केलंय, खाली विटा, म्हणजे पाणी पण लागत नाही.

चालू करायची पद्धत ठरवून घ्या आणि दुकानातल्या पोराला पण तीच शिकवा. जनरेटर बिनलोड चालू करायचा, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्यायचा, चोक पूर्ण आत. इको मोड किंवा ऑटो थ्रॉटलचं बटण असेल तर बंद, कारण त्यात इंजिन हळू चालत असतं आणि मोटरनं एकदम झटका दिला की त्याला उठायला वेळच मिळत नाही. मग पहिला कंप्रेसर, दुसरं काही नाही. टाकीखालचा ड्रेन कॉक पहिल्यांदा उघडा ठेवा, मोटरनं पूर्ण वेग घेतला की बंद करा. कंप्रेसर रांगेला लागला की मग लाइट, पंखा, मोबाइल काय ते लावा. मोठा बोजा आधी, बारका नंतर, बैलगाडीत पोती भरताना करतो तसं. मोटर हुंकारायला लागली तर एक, दोन, तीन मोजायचं आणि बंद करायचं, बघूया उठतेय काय म्हणून वाट बघत बसलात तर स्टार्टिंग वायंडिंग जळतं आणि उद्यमबागेची फेरी ठरलेली. एक साधा मल्टीमीटर जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटला लावून ठेवा, बिनलोड २३० च्या आसपास पाहिजे, सुरू होताना खाली जाईल ते जाऊ दे, पण एक-दोन सेकंदांत परत २२० च्या घरात आलं पाहिजे.

व्होल्टेज कमी दिसतंय म्हणून इंजिनचा गव्हर्नर स्क्रू, म्हणजे वेग ठरवणारा स्क्रू, पिळू नका हां. आपल्याकडचे हे छोटे पेट्रोल जनरेटर बहुतेक ३००० आरपीएमवर ५० सायकल देतात, स्क्रू पिळला की सायकल पण वाढते, मोटर जास्त जोरात फिरते, पंपाचा बोजा वाढतो, म्हणजे करायला गेलो एक आणि झालं दुसरंच.

एवढं करून पण कुंथत असेल तर माझ्या मते सगळ्यात स्वस्त इलाज पुलीचा. मोटरवरची चार इंचाची पुली काढून साडेतीनची बसवा. पंप साडेबारा टक्के हळू फिरेल, बोजा तेवढाच हलका होईल, सुरू होताना मोटरला जोर पण जास्त मिळेल. बदल्यात टाकी भरायला सात मिनिटं लागत होती तिथं आठ लागतील. पावसाळ्यात एक मिनिटासाठी कोण भांडतंय? सोबत प्रेशर स्विचचा कट-आउट, म्हणजे ज्या दाबाला मोटर बंद होते तो आकडा, पण खाली आणा. आपल्याकडं येणाऱ्या गाड्या बघा, बाइकला ३० पीएसआय, कारला ३२-३३, ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरला तर त्याहून कमी. मग टाकी १५० पर्यंत कशाला भरताय? ट्रक येत नसतील तर १०० वर कट करा, शेवटच्या ५० पीएसआयलाच मोटरचा सगळ्यात जास्त दम निघतो. आमच्याकडं नोव्हेंबरपासून उसाचे ट्रक-ट्रॉल्या सुरू झाल्या की मी परत वाढवतो.

जनरेटर अजून घ्यायचाच असेल तर एक एचपीला तीन केव्हीए, दोनला पाच, तीन एचपीला साडेसात असा माझा हिशोब, आणि तो पण कंप्रेसर निरोगी असेल तर. प्लेटवर दोन आकडे असतात, मॅक्सिमम आणि रेटेड, दुकानदार मोठा वाचून दाखवतो, आपण छोटा वाचायचा. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, हवा विरळ, साधं पेट्रोल इंजिन इथं आठ-एक टक्के ताकद सोडतं, हे कोणी सांगत नाही. खाली गोव्यात कुणाच्या जनरेटरवर चालतंय म्हणून इथं चालेलच असं नाही. आणि ते सुटकेससारखे दिसणारे इन्व्हर्टर जनरेटर, आवाज कमी, करंट स्वच्छ, लॅपटॉपला झकास, पण मोटरच्या झटक्याला ते हातच देत नाहीत, आतलं सर्किट ओव्हरलोड म्हणून झटकन कापून टाकतं. त्याच केव्हीएचा साधा एव्हीआरवाला (एव्हीआर म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं सर्किट) अल्टरनेटर क्षणभर तरी सोसतो. कंप्रेसरसाठी मी जड, ओबडधोबड तोच घेईन.

ज्यांच्याकडं थ्री फेज मोटर आहे त्यांना आणखी एक वाट आहे, व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर असा ड्राइव्ह मिळतो, मोटरपेक्षा एक साइझ मोठा घ्यायचा, मोटरचं कनेक्शन स्टारचं डेल्टा करून घ्यायला लागतं, ते मिस्त्रीकडनंच करून घ्या. पाच सेकंदांत हळूहळू वेग घ्यायला लावला की तो झटकाच येत नाही. फक्त प्रेशर स्विच ड्राइव्हच्या स्टार्ट-स्टॉपच्या तारांवर लावायचा, ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये नाही, आणि पंप कायम हळू चालवायचा नाही, आतलं तेल उडवणारं पातं वेग नसला की तेल उडवत नाही.

एक गोष्ट हात जोडून. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर घराच्या सॉकेटला लावायचा उद्योग काही जण करतात. मेन स्विच पाडायचा राहिला की तुमचा करंट उलटा खांबावर जातो, ट्रान्सफॉर्मर त्याला परत हजारो व्होल्टचा करतो, आणि त्याच वेळी कणकुंबीच्या पावसात हेस्कॉमचा, म्हणजे आमच्या वीज कंपनीचा, लाइनमन खांबावर असतो. चेंजओव्हर स्विच बसवा, नाहीतर कंप्रेसर सरळ जनरेटरच्या सॉकेटलाच लावा, मी तेच करतो. अर्थिंगचा खिळा ओल्या मातीत नीट ठोका, आणि ओल्या हातानं प्लगला हात नको.

बंद करताना उलटं, आधी कंप्रेसर, मग दोन मिनिटं जनरेटर बिनलोड, मग तो. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल घाला, माझा तासाला दीड-दोन लिटर पितो, त्यामुळं चालू असताना संपायची वेळ येतेच. टाकीचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडा, पावसाळ्यात आमच्या टाकीतनं चहाच्या रंगाचं पेलाभर पाणी निघतं. आणि पावसाळा संपून जनरेटर कोपऱ्यात जायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल चिकट होतं, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्याच पावसात, दारात गाडी उभी असताना, तुम्ही दोरी ओढत बसलेले असता.